पाय बघू नको, टॉवेल बघ

मागच्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो होतो : हात कामात असताना हाताला सूचना देऊ नये, तो बिचकतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की खो-खोच्या नियमांबद्दल विचारणारी चार पत्रं पुढच्या अंकावर ढकलावी लागली. त्या चौघांची माफी. एकतीस वर्षं गळ्यात शिट्टी घालून मैदानावर काढली आणि त्यातली बरीचशी नको त्या वेळी ओरडण्यात घालवली. म्हणजे या विषयावर बोलायचा थोडा अधिकार मला आहेच.

प्रश्न : सर, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, लेगस्पिन टाकतो. गल्लीत टाकायचा तेव्हा कॉलेजची पोरंसुद्धा त्याला दबकून खेळायची. वर्षभरापूर्वी अकादमीत घातला. आता धावत येतानाच त्याचे ओठ हलत असतात. विचारलं तर म्हणतो, "कोपर, खांदा, मनगट, डावा पाय." चेंडू मात्र एक फुलटॉस, एक वाइड. त्याचे बाबा जाळीबाहेरून "मनगट! मनगट!" ओरडत असतात. रात्री पोरगं आरशासमोर हात फिरवत बसतं. परवा म्हणाला, क्रिकेट सोडतो. काय करू? (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, ओठ हलतात हे तुम्ही टिपलंत, तिथंच अर्धं निदान झालं. शेवटची उडी घेतल्यापासून चेंडू हातातून सुटेपर्यंत धड एक श्वाससुद्धा पुरा होत नाही. तेवढ्यात हा पोरगा चार अवयवांची हजेरी घेतोय. कोपर हजर, खांदा हजर, आणि मनगटाचं नाव पुकारेपर्यंत चेंडू फलंदाजाच्या डोक्यावरून गेलेला.

यावर अभ्यास झालेला आहे आणि त्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. गॅब्रिएल वुल्फ नावाच्या जर्मन संशोधक बाई शिडाच्या फळीवरून पाण्यात घसरण्याचा खेळ शिकत होत्या. वळण घेताना सारख्या पडायच्या. पाय कुठं ठेवायचा, हातांनी किती दाबायचं, सगळं करून झालं. मग एक दिवस त्यांनी हातापायांचा नाद सोडला आणि फक्त फळी किती कलतेय एवढंच बघायचं ठरवलं. वळणं जमायला लागली. आपण असतो तर "आज जमलं बुवा" म्हणून घरी गेलो असतो. बाईंनी त्याचा प्रयोग केला. १९९८ साली तो छापून आला. बर्फावर घसरण्याचा सराव करायचं एक यंत्र असतं, चाकांवरची पाटी डावी-उजवीकडे झुलवायची. काही जणांना सांगितलं, "बाहेरच्या पायानं जोर लावा." काही जणांना सांगितलं, "बाहेरच्या चाकांवर जोर लावा." तिसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही. आता बघा, चाकं पायाच्या अगदी खाली. शरीरानं करायचं ते दोघांनीही तेच. फरक फक्त एका शब्दाचा. चाकांकडं लक्ष ठेवणाऱ्यांचे झोके मोठे झाले. दोन दिवस सराव, आणि तिसऱ्या दिवशी कुणालाच काही न सांगता बघितलं, तेव्हाही तेच पुढं. पायाचा विचार करणाऱ्यांना त्या सूचनेचा काही फायदा झालेला दिसला नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा निवृत्त व्हायला दोन वर्षं होती. पुस्तक मिटवून बराच वेळ गॅलरीत बसून होतो. का, ते सांगतो.

मुलींचा खो-खोचा संघ, आंतरशालेय सामना, शेवटची दीड मिनिटं. आमचं आक्रमण, एक गुण हवा होता. माझी सगळ्यात चपळ मुलगी समोरच्या संघाच्या पळणाऱ्या मुलीला खांबाकडं रेटत आणत होती. खांबावर सूर मारायचा तिचा हातखंडा. सरावात तिनं तो किती वेळा मारला असेल, मोजदाद नाही. पण त्याआधीच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं होतं की ती डावा पाय थोडा लवकर टाकते. ऐन मोक्याला मी रेषेबाहेरून ओरडलो, "डावा पाय! डावा पाय!" तिची मान खाली गेली. सूर मारला, पण वीतभर आखूड. हनुवटी मातीवर घासली आणि पळणारी निसटली. हरलो. तिला धीर देताना मी वर म्हणालो, "सांगत होतो ना, डावा पाय!" पुढं अनेक वर्षांनी ती मंगळवार बाजारात भेटली, कडेवर पोर. हसत हसत म्हणाली, "सर, तुम्ही पाय म्हणालात म्हणून मी पाय बघितला. ती मुलगी मला दिसलीच नाही." हनुवटीवरचा व्रण अजून आहे.

असं का होतं, याचं वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास मांडलेलं उत्तर मला पटतं. मुरलेली हालचाल शरीर आपली आपण सांभाळून घेतं. तोल गेला तर तुमच्या लक्षात यायच्या आत सावरतं. आपण मध्ये लक्ष घातलं की आपोआप होणारं काम हातानं ओढल्यासारखं होतं, सांधे आखडतात, नको ते स्नायूही कामाला लागतात. हे नुसतं बोलणं नाही. २००५ साली बास्केटबॉलच्या फ्री थ्रोवर एक प्रयोग झाला. दंडाच्या स्नायूंवर तारा लावून त्यांचं काम मोजलं. मनगटाकडं लक्ष दिलं तेव्हा दंड जास्त राबला आणि चेंडू कमी वेळा नेमका गेला. कड्याकडं लक्ष दिलं तेव्हा उलट. तुमच्या घरातलं "मनगट! मनगट!" मला तिथं ऐकू आलं.

आता करायचं काय. घरात एक जुना सोलापुरी टॉवेल असेलच, नसेल तर तुम्ही सोलापूरच्या नाही. लाल किंवा हिरवा घ्या, लांबून दिसणारा. खेळपट्टीवर चेंडू जिथं पडायला हवा तिथं अंथरा. रोज चोवीस चेंडू, म्हणजे चार षटकं. किती टॉवेलवर पडले ते वहीत लिहायचं, बाकी एक शब्द नाही. हात कसा आला, पाय कुठं पडला, यावर घरात आठवडाभर चर्चा बंद. आरशावर त्याच टॉवेलचा जोडीदार टांगा. त्याच्या बाबांना जाळीबाहेर उभं राहायचंच असेल तर आकडे लिहायचं काम द्या, तोंड आपोआप बंद राहतं.

आणि कोचशी भांडू नका. लेगस्पिनला मनगट लागतंच, ते खोटं सांगत नाहीत. कोपराचं तर नियमाचंही कारण असू शकतं, चेंडू टाकताना कोपर पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर आंतरराष्ट्रीय नियमात ते बसत नाही. त्यांना एवढंच विचारा की एका वेळी एकच गोष्ट सांगाल का, आणि ती चेंडूच्या भाषेत सांगता येईल का. "मनगट फिरव" याऐवजी "सुटताना चेंडू फणफणलेला ऐकू आला पाहिजे." मनगट फिरल्याशिवाय चेंडू फणफणत नाही. काम तेच होतं, पण पोराचे कान चेंडूपाशी राहतात. बहुतेक कोच चांगले असतात, आम्हाला फक्त गप्प बसायची सवय नसते.

प्रश्न : माझं माहेर बार्शीकडचं. भाकरी मला नववीपासून येते, माहेरी वीस-वीस भाकऱ्या एका बैठकीत केल्या आहेत. लग्न होऊन इथं आल्यापासून सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या की भाकरी चिरते, नाहीतर उचलताना मोडते. त्या काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात. मी दवाखान्यात जाऊ का? हसू नका, खरंच विचारतेय. (नवी सून, पूर्व भाग)

उत्तर : हसलो नाही, बाळ. आधी पीठ तपास. ज्वारी दळून फार दिवस झाले असतील तर पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, मग सासूबाई असोत नसोत, भाकरी चिरणारच. असं पीठ उकळत्या पाण्यात मळून बघ. सासूबाई नसताना त्याच पिठाची भाकरी नीट येत असेल तर पीठ निर्दोष सुटलं.

मग राहिली नजर. कुणी बघतंय म्हटलं की आपणही स्वतःकडं बघायला लागतो. रॉय बाउमायस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये हेच दाखवलं, की दडपणाखाली माणूस आपल्याच हालचालीवर पहारा बसवतो आणि पहाऱ्यामुळेच काम बिघडतं. भाकरीचं तसंच. नववीपासून तुझा उजवा हात थापत आलाय आणि डावा कडेला आधार देत भाकरी फिरवत आलाय. दोघांची गाठ कधी कुठं पडते हे तुला कधी विचारावं लागलं नाही. आता सासूबाईंच्या डोळ्यांनी तू आपलीच बोटं बघतेस : बोटं फार पसरलीत का, जोर जास्त होतोय का, सासरी अशी थापतात का. दोन हातांचा ताल तुटला की कड चिरते.

म्हणून बोटं बघायची नाहीत, कड बघायची. भाकरीची कड परातीत गोल सरकत जाते ना, तिच्यावर एक जागा पकड आणि ती फिरून परत तुझ्यासमोर कधी येते एवढंच बघ. थापण्याचा आवाजही ऐक, थपथप एका लयीत आहे का. गाणं गुणगुणायचं असेल तर गुणगुण, पहारेकऱ्याला दुसरं काम मिळतं. भाकरी उचलून तव्यावर टाकताना हाताचा विचार नको, तव्यावरची ती जागा बघ जिथं भाकरी पडायची आहे.

आणखी एक. तुझ्या आईनं तुला भाकरी शिकवताना नियम सांगितले होते का? बहुतेक नाही. उंडा हातात दिला असेल आणि म्हणाली असेल, "थाप." रिच मास्टर्स या संशोधकानं १९९२ मध्ये गोल्फचा चेंडू खळग्यात ढकलायला शिकणाऱ्यांवर हे तपासलं होतं. ज्यांच्या डोक्यात नियमांची यादी कमी, त्यांचा हात दडपणात कमी बिघडला. म्हणजे तुझी पाटी चांगली आहे, तीवर आत्ता नवं काही लिहू नको.

आणि सासूबाईंना एकदा विचार की "तुमची कशी असते, दाखवा की." बाकी काही नाही, त्यांनी थापायला घेतलं की तू शेजारी उभं राहून नुसतं बघ. त्यांचीही एखादी चिरते का, मला कळव. नाव छापणार नाही.

प्रश्न : आपला मागचा लेख वाचून वाईट वाटलं. मी स्वतः क्रीडाशिक्षक आहे, योगही शिकवतो. शरीराकडं लक्षच द्यायचं नाही तर नवशिक्याला शिकवायचं कसं? त्याला पाय कुठं ठेवायचा तेही सांगायचं नाही? योगात तर लक्ष आतच न्यायचं असतं. परदेशातल्या प्रयोगांवर आपण किती विसंबणार? (एक शिक्षक, अक्कलकोट रस्ता)

उत्तर : सर, रागावून का होईना लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं निम्मं बरोबर आहे आणि ते मी मागच्या वेळी लिहायला हवं होतं.

सियान बायलॉक या अमेरिकी संशोधक बाईंचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ चा एक प्रयोग आहे. फुटबॉल खेळणाऱ्यांना शंकूंमधून नागमोडी चेंडू न्यायला सांगितलं. मध्येच खूण झाली की पायाच्या कुठल्या बाजूनं चेंडूला शिवलं ते सांगायचं. मुरलेले खेळाडू उजव्या पायानं खेळताना या प्रश्नानं मंदावले. नवशिक्यांचं तसं झालं नाही, त्यांना पायाकडं बघितल्यानं मदतच झाली. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा आहे. त्याच मुरलेल्या खेळाडूंना डाव्या पायानं खेळायला लावलं तर तेही नवशिक्यासारखे वागले, पायाकडं लक्ष दिलं की काम सुधारलं. माणूस तोच, डोकं तेच, फक्त पाय कच्चा. नवशिका कोण आणि उस्ताद कोण हे माणसावर नाही, त्या त्या पायावर ठरतं.

तेव्हा पहिल्या दिवशी "पाय इथं ठेव" हे सांगावंच लागतं. आम्ही खो-खोत चौकोनात कसं बसायचं, "खो" मिळाल्यावर कुठला पाय आधी, हे सांगितल्याशिवाय पोरं एकमेकांवर पडतात. माझं म्हणणं पुढच्या दिवसांबद्दल आहे. मात्र वुल्फ यांच्या बाजूचे लोक म्हणतात की नवशिक्यालाही बाहेर लक्ष द्यायला लावलेलं चांगलं. १९९९ मध्ये गोल्फ कधी न खेळलेल्यांना त्यांनी "हात झुलवा" आणि "काठी झुलवा" अशा दोन वेगळ्या सूचना दिल्या, काठीवाल्यांचे चेंडू जास्त नेमके पडले. म्हणजे तज्ज्ञांतच एकमत नाही.

आणि विसंबण्याबद्दल म्हणाल तर तुमची शंका परदेशातल्या लोकांनीही काढली आहे. 'सायकॉलॉजिकल बुलेटिन' या नियतकालिकात २०२१ मध्ये आधीच्या सगळ्या प्रयोगांची गोळाबेरीज आली, ती बाहेर लक्ष देण्याच्या बाजूनं होती. २०२४ मध्ये दुसऱ्या गटानं तिथंच लिहिलं की ज्या प्रयोगांत फरक दिसला तेच जास्त करून छापले गेले, तेवढी वजाबाकी केली तर फरक वाटतो तेवढा मोठा राहत नाही, कदाचित उरतही नाही. मी प्रयोगशाळेतला माणूस नाही. माझा विश्वास कितपत आहे विचाराल तर सांगतो : सूचना बदलली म्हणून कच्चा खेळाडू राज्य संघात जात नाही. पण नको त्या क्षणी सूचना देऊन पक्का खेळाडू बिघडतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका हनुवटीवर तर ते लिहूनच ठेवलंय.

योगाचं तुमचं खरं. तिथं चेंडू कुठं टाकायचा नसतो, शरीर आतून कसं वाटतं हाच विषय असतो. तिथं लक्ष आत नेणं हेच काम. त्यात माझी लुडबुड नाही.

शिकवायचं कसं, यावर मात्र माझ्या वडिलांची आठवण सांगतो. ते कापड मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. तार, म्हणजे सुताचा धागा, तुटली की साचा थांबवून, गाठ मारून, परत सुरू. मी दहा-बारा वर्षांचा असताना हट्ट धरला, गाठ शिकवा म्हणून. त्यांनी घरी सुताची दोन टोकं घेतली आणि सर्रकन गाठ मारून दाखवली. मी म्हटलं, सावकाश. त्यांनी सावकाश करायला घेतलं आणि अडकले. अंगठा आधी की तर्जनी, त्यांनाच आठवेना. चिडले. परत जोरात केली, झाली. शेवटी म्हणाले, "बोटाकडं कशाला बघतोस, तारेकडं बघ. एका तारेचा फास, दुसरीचं शेपूट त्यातनं बाहेर." तेवढ्यानं मला जमलं. बोटं कशी हलवायची हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, कारण त्यांना ते सांगता येण्यासारखं राहिलंच नव्हतं. ज्याच्या हातात कला मुरली त्याच्या तोंडातून ती गेलेली असते. तुमचं-माझं दुर्दैव असं की आपल्याला पगार तोंडाचा मिळत होता.

टेबल टेनिसवर २००१ मध्ये असंच एक काम झालं. टॉपस्पिनचे दहा-बारा नियम सांगण्याऐवजी शिकणाऱ्याला म्हणाले, "बॅटनं हवेत काटकोन त्रिकोण काढ, आणि त्याच्या तिरक्या बाजूवरून वर येताना चेंडू मार." एकच चित्र, सगळे नियम त्यात गुंडाळलेले. आपण असली चित्रं पोरांना देऊ शकतो. तुमच्याकडं काही असतील तर पाठवा, पुढच्या अंकात छापतो, तुमच्या विद्यार्थ्यांना विचारून.

प्रश्न : वडील एसटीत चालक होते. आता त्यांना कंपवात आहे, पार्किन्सन. खोलीतून हॉलमध्ये येताना उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. आम्ही सगळे "पाय उचला, पाय उचला" म्हणतो, ते आणखीच अडकतात. मागच्या लेखातलं त्यांना लागू होईल का? (मुलगा, होटगी रस्ता)

उत्तर : मी डॉक्टर नाही, म्हणून पहिलं सांगणं हेच की त्यांच्या मेंदूविकार तज्ज्ञांना आणि फिजिओथेरपिस्टना हे असंच्या असं सांगा. औषधाच्या वेळेशी याचा संबंध असू शकतो. पडण्याची भीती आहे, म्हणून खालचं काहीही त्यांच्या देखरेखीखाली करा.

पण "पाय उचला" थांबवाच. पर्डन मार्टिन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६७ मध्येच नोंदवलं होतं की अशा रुग्णांसमोर जमिनीवर आडव्या रेषा असतील, ठळक रंगाच्या आणि एकेका पावलाच्या अंतरावर, तर पाय सुटतात. चालण्याच्या दिशेनं उभ्या रेषा काढल्या तर उपयोग होत नाही. पायाला आतून हुकूम मिळत नाही, पण बाहेर ओलांडायला काही दिसलं की तो निघतो. तुमच्याकडं शहाबादी फरशी असेल तर तिचे सांधे अंगच्याच रंगाचे असतात, सहसा तेवढं ठळक दिसत नाही. उंबऱ्याच्या अलीकडं-पलीकडं पिवळी चिकटपट्टी आडवी लावून बघा, कडा उचकटलेल्या नकोत, आणि म्हणा, "बाबा, पट्टी ओलांडा." चालक होते ना? रस्त्यावरच्या पट्ट्यांशी त्यांची जन्माची ओळख आहे.

प्रश्न : वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी स्कूटी शिकतेय. खड्डा दिसला की गाडी बरोबर त्याच खड्ड्यात जाते. (गृहिणी, सात रस्ता)

उत्तर : आपल्या शहरात मग गाडी सतत खड्ड्यातच राहणार. गाडी तुमच्या डोळ्यांमागून जाते, ताई. खड्डा दिसला, ठीक, त्याच्याशी तेवढीच ओळख. लगेच नजर खड्ड्याच्या शेजारच्या सपाट पट्टीवर, आणि त्याहीपुढं दहा-पंधरा पावलं. हँडलकडं आणि पुढच्या चाकाकडं अजिबात बघायचं नाही. सकाळी लवकर, मोकळ्या मैदानावर दोन विटा ठेवा आणि त्यांच्या मधून गाडी काढायचा सराव करा, विटा न बघता मधली जागा बघून. वेग कमी, हेल्मेट डोक्यावर. मागं बसून "ब्रेक! ब्रेक!" करणाऱ्या नवऱ्याला घरी ठेवा.

प्रश्न : सर नमस्कार. मी पाचवीत आहे. गड्ड्याच्या यात्रेत आम्ही उंच उंच काठ्यांचे नंदीध्वज बघितले. आता गल्लीत आम्ही काठ्या हातावर उभ्या धरायचा खेळ खेळतो. माझी लगेच पडते. मित्राची खूप वेळ राहते. तो मला सांगत नाही कसं ते. माझी काठी त्याच्यापेक्षा लहान आहे, म्हणजे हलकी आहे, तरी पडते. (बाळीवेस)

उत्तर : तुझा मित्र लबाड आहे, पण आपण त्याला गाठू. पहिली गोष्ट, लहान काठी सोपी असते हा तुझा गैरसमज. पेन्सिल तळहातावर उभी करून बघ, राहते का? लहान काठी झटकन कलते, हात पोहोचायच्या आत पडते. लांब काठी सावकाश कलते, तिला सावरायला वेळ मिळतो.

दुसरी, तू बघतोस कुठं? माझा अंदाज आहे तू तळहाताकडं बघतोस, काठी जिथं टेकली आहे तिथं. तिथं कलणं दिसतच नाही. काठी पडायला लागते तेव्हा सगळ्यात जास्त हलतो तो शेंडा. नजर शेंड्यावर ठेव, आणि हाताला काही सांगू नको. शेंडा ज्या बाजूला झुकेल तिकडं हात आपला आपण जाईल. एकदा मुद्दाम हाताकडं बघून कर, एकदा शेंड्याकडं बघून कर, आणि मित्राला आकडे मोजायला लाव. म्हणजे त्याला कळणारही नाही तू काय शिकलास.

काठी नसेल तर आईला विचारून लांब दांड्याचा झाडू घे. झाडूचा भाग वर, दांडा हातावर. वर वजन असलं की आणखी सोपं. पंखा बंद कर, ट्यूबलाइटपासून लांब राहा, आणि गच्चीवर अजिबात नको. शेंड्याकडं बघता बघता माणूस मागं मागं जातो, त्याला कठडा दिसत नाही. तीस आकडे झाले की मला पत्र टाक.